नानखटाईचं माप

मुलचेऱ्याकडच्या आमच्या गावात बेकरी नव्हती, तरी नानखटाई होती. ती माझी खाला भाजायची. ईदला, कुणाच्या लग्नाला, शाळेच्या झेंडावंदनाला. लोक मैदा, साखर, तूप आणून देत. मजुरी तिनं कधी घेतली नाही.

भट्टी नव्हतीच. पातेल्याला आम्ही विदर्भातले लोक गंज म्हणतो. मोठा गंज चुलीवर ठेवायचा. तळाशी दोन बोटं कोरडी रेती, तिच्यावर लोखंडी कडं, कड्यावर नानखटाईची थाळी. वर झाकण आणि झाकणावर निखारे. रेती सावकाश तापते आणि आच सगळीकडे सारखी पोचवते, म्हणून तळ करपत नाही. वरच्या निखाऱ्यांनी माथ्याला रंग चढतो.

फारसीत नान म्हणजे रोटी. पण नानखटाईची रीत रोटीच्या अगदी उलट. मैदा पाण्यात मळला की त्याला चिकटपणा येतो, तो ताणला जातो. इथं पाण्याचा थेंब नाही. तूप आणि पिठीसाखर पांढरी होईपर्यंत फेसायची, त्यात मैदा आणि बेसन हलक्या हातानं गोळा करायचं. तूप पिठाच्या कणाकणाला वेढतं, चिकटपणा येऊ देत नाही. म्हणून ती तोंडात विरघळते.

माप विचारलं की खाला म्हणायची, "हाताला विचार." १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'नं वाटी-चमच्याचं माप घरोघरी नेलं. पण खालाला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी कवितांच्या वह्या भरल्या; हे चार ओळींचं माप मात्र कधी लिहून घेतलं नाही. ती गेली. पुढच्या ईदला आम्ही नानखटाई केली, तर थाळीभर पसरून एकच पापडी झाली.

मुलचेरा तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावं आहेत. पौष संक्रांतीला तिथं तांदळाच्या पिठाचे, नारळ-गूळ भरलेले पिठे होतात. अशाच एका घरातल्या काकीमा संक्रांतीला पिठे पाठवायच्या आणि ईदला खालाची नानखटाई तिकडे जायची. त्यांना माझी फजिती कळली, तेव्हा त्यांनी नातवाची जुनी वही काढली. खाला ओंजळीनं पीठ घ्यायची, ते काकीमा आधी आपल्या वाटीनं मोजून मग परातीत टाकायच्या आणि बंगालीत टिपून ठेवायच्या. त्यांच्या सुनेनं वाचलं, मी मराठीत उतरवलं: मैदा दोन वाट्या, बेसन अर्धी, पिठीसाखर एक, तूप एक, चिमूटभर सोडा, वेलची. शेवटी एक ओळ होती: तूप थिजलेलं घ्यावं.

माझी चूक तिथंच होती. मी तूप वितळवून घेतलं होतं. पातळ तूप फेसलं तरी हवा धरत नाही आणि आच लागताच वाहू लागतं.

तुमच्याही घरात कुणाच्या तरी हातात असं एखादं माप असेल. वाटी घेऊन तिच्याशेजारी बसा. ती आहे तोवर.