व्यवसायशिक्षणाची पहिली ओळख : शाळा, शेत आणि गाव यांचा वाटा

दहावीचा निकाल लागला की खेड्यांतील अनेक घरांत एकच प्रश्न उभा राहतो : मुलाला आता कोठे घालावे? हा निर्णय बहुधा थोड्याच दिवसांत घ्यावा लागतो. शेजाऱ्याचा मुलगा जेथे गेला तेथे, अथवा गुणांच्या यादीप्रमाणे जेथे जागा मिळेल तेथे, अर्ज केला जातो. ज्याने कधी पान्हा हातात धरला नाही तो जोडारी होण्यास जातो, आणि ज्याला कलमे बांधण्याचा नाद आहे तो जमाखर्चाच्या वर्गात जाऊन बसतो. पुढे मन रमले नाही म्हणजे मुलगा घरी परततो. वर्ष वाया जाते, दुसऱ्या गरजू विद्यार्थ्याची जागा अडते, आणि वसतिगृहासाठी व प्रवासासाठी झालेला खर्च शेताच्या भांडवलातून गेलेला असतो. या हानीचे मूळ पुष्कळदा मुलाच्या आळसात नसते. निवड करण्यापूर्वी त्या व्यवसायाची त्याला ओळखच झालेली नसते, हे तिचे खरे कारण होय.

कल्पना जुनी, काम अपुरे

शाळेत हाताला काम असावे हा विचार महाराष्ट्रास नवा नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी उद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याची योजना मांडली व डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिला आकार दिला. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशी माध्यमिक शाळा सुचविल्या. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव हा शालेय शिक्षणाचा भाग असावा असे सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांजवळ काम शिकावे, अशी शिफारस आहे. धोरण कागदावर कितीही चांगले असले तरी ते दहा दिवस खरोखर कामाचे ठरावयाचे असतील तर गावाने दार उघडले पाहिजे. शाळेजवळ फळा असतो. शेत, गोठा, विहिरीवरील पंप आणि लोहाराचा भाता हे मात्र गावाजवळ असतात.

ओळख निराळी, प्रशिक्षण निराळे

या दोहोंतील भेद प्रथम ध्यानात घ्यावा. प्रशिक्षण म्हणजे एका व्यवसायात निष्णात होण्यासाठी वर्ष-दोन वर्षे घेतलेले शिक्षण. ओळख म्हणजे अनेक व्यवसायांचे थोडेथोडे काम स्वतःच्या हाताने करून पाहणे. ओळख आठवी-नववीत व्हावी, प्रशिक्षण निवडीनंतर यावे. ओळखीच्या काळात मुलाने कुशल झालेच पाहिजे अशी अपेक्षा नसते. कोणत्या कामात आपले लक्ष टिकते, कोणते काम आपल्याला झेपते आणि कोणते नकोसे होते, एवढे त्याला उमगले तरी पुरे. ‘हे काम माझे नव्हे’ हे नववीत कळणे फायद्याचे असते. तेच दहावीनंतर प्रवेश घेतल्यावर कळले तर त्याची किंमत घरातील सर्वांना मोजावी लागते.

पाबळचा अनुभव

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे अवर्षणप्रवण भागातील गाव आहे. तेथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. या संस्थेने माध्यमिक शाळांसाठी जो मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तयार केला, त्याची रचना साधी आहे. आठवी ते दहावीचे विद्यार्थी आठवड्यातील एक दिवस प्रत्यक्ष कामाला देतात. काम चार विभागांत वाटलेले असते : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य. मुलगे आणि मुली दोघेही चारही विभागांतून जातात. त्यामुळे मुलीही पत्रा कापतात व विजेची जोडणी करतात, आणि मुलगेही स्वयंपाकघरातील पदार्थांचा खर्च काढतात.

या पद्धतीतील दोन गोष्टी विशेष घेण्यासारख्या आहेत. एक, शिकविणारा बहुधा परिसरातीलच जाणता कारागीर असतो. दुसरी, विद्यार्थी लोकोपयोगी कामे करून देतात. त्यामुळे आपण बनविलेली वस्तू वापरात टिकते की मोडते हे त्यांना पाहावयास मिळते. परीक्षकाने दिलेल्या गुणांपेक्षा ही कसोटी अधिक कडक असते.

शेतावरचा पहिला पाठ

मोठी कार्यशाळा नसलेल्या गावातही आरंभ करता येतो. उदाहरणादाखल घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण तपासण्याचे काम घ्यावे. सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ असते. मळणीत व हाताळणीत मार बसला की दाण्याची उगवणशक्ती घटते, आणि न तपासता पेरलेले बियाणे दगा देते. दुबार पेरणीचा भुर्दंड शेतकऱ्यास चांगलाच ठाऊक आहे.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा आटोपताच प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरच्या पोत्यांतून थोडेथोडे दाणे एकत्र करावेत. त्यांतील १०० दाणे न निवडता मोजून घ्यावेत. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडून वर दुसरे ओले गोणपाट पसरावे आणि सैल गुंडाळी करून सावलीत ठेवावी. पाणी शिंपडून ओल राखावी. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उलगडून निरोगी कोंब मोजावेत. शंभरांत जितके कोंब, तितके टक्के उगवण.

यानंतर वहीतील त्रैराशिक कामास येते. ७० टक्के उगवणीस हेक्टरी ७५ किलो बियाणे धरले, तर ६५ टक्के उगवणीस किती लागेल? ७५ ला ७० ने गुणून ६५ ने भागले असता सुमारे ८१ किलो हे उत्तर येते. उगवण फारच कमी निघाली तर ते बियाणे पेरूच नये. वर्गात ज्या मुलाला शेकडेवारी रुचत नाही, तोही आपल्या बापाचे बियाणे वाचविणारे हे गणित मन लावून सोडवील. बियाणे-उत्पादन आणि बियाणे-तपासणी हेही स्वतंत्र व्यवसाय आहेत, ही गोष्ट त्याच वेळी त्याच्या कानावर घालावी.

माती परीक्षणासाठी नमुना घेणे हा असाच दुसरा पाठ. बांध, विहीर, झाडाखालची जागा व खताचा ढीग टाळून शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोलीचे खड्डे घ्यावेत. खड्ड्याच्या कडेची वरपासून तळापर्यंत सारख्या जाडीची माती खरवडून घ्यावी. सर्व माती मिसळून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन भाग टाकावेत आणि अर्धा किलो उरेपर्यंत हे करीत राहावे. तिसरा पाठ पंपाचा. फूटव्हॉल्व्हमध्ये काडीकचरा अडकला म्हणजे पंप पाणी का धरीत नाही, हे गावच्या यांत्रिकाने पंप खोलून दाखवावे. त्यात भौतिकशास्त्रही आहे आणि उपजीविकाही.

दहावीनंतरच्या वाटा

अशी ओळख झालेल्या विद्यार्थ्यास पुढील वाटांची माहिती दिली की ती त्याला परकी वाटत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आय.टी.आय.मध्ये, संधाता म्हणजे वेल्डर यासारखे एक वर्षाचे आणि वीजतंत्री व जोडारी यांसारखे दोन वर्षांचे व्यवसाय शिकविले जातात. बहुतेक व्यवसायांस दहावी उत्तीर्ण असावे लागते. काही थोड्या व्यवसायांस दहावी अनुत्तीर्ण उमेदवारही पात्र ठरतो. शेतीची आवड असणाऱ्यास राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांच्या कक्षेतील विद्यालयांतून दहावीनंतर पदविका घेता येते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यांत व आस्थापनांत विद्यावेतनासह काम शिकण्याचीही तरतूद आहे.

या वाटा म्हणजे बंद गल्ल्या आहेत हा समज चुकीचा आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आय.टी.आय. व्यवसाय पूर्ण केलेल्यास तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. म्हणून ‘कमी गुण पडले, आता व्यवसायाकडे जा’ असे मुलास कधीही म्हणू नये. शिक्षा म्हणून दिलेल्या कामात कोणाचेच मन लागत नाही.

घ्यावयाची दक्षता

ओळख म्हणजे फुकटची मजुरी नव्हे. सुगीच्या दिवसांत शाळेच्या नावाखाली मुलांकडून खुरपणी करून घेणे हा शिक्षणाचा अपमान आहे. औषध-फवारणी, मळणीयंत्र, चालू विद्युत्प्रवाह व कडबाकुट्टी यांपासून मुलांना दूर ठेवावे. पंप खोलण्यापूर्वी मुख्य बटण बंद केल्याची खात्री जाणत्या माणसाने करावी. दुसरी दक्षता फसवणुकीची. कोणत्याही संस्थेत पैसे भरण्यापूर्वी प्रमाणपत्र कोण देणार, त्यास शासनाची मान्यता आहे काय, आणि सरावासाठी यंत्रे व अवजारे आहेत काय, हे तीन प्रश्न विचारावेत. शक्य तर चालू कार्यशाळा स्वतः पाहून यावी.

ग्रामकार्यकर्त्याने काय करावे?

१. गावातील व परिसरातील सुतार, गवंडी, पंपदुरुस्ती करणारे, रोपवाटिकाधारक, दुग्धव्यावसायिक, शिवणकाम करणाऱ्या भगिनी व प्रगतिशील शेतकरी यांची यादी करावी.

२. मुख्याध्यापकांशी विचारविनिमय करून महिन्यातील निदान एक दिवस त्यांच्याकडील कामासाठी ठरवावा.

३. एका कारागिराकडे एका वेळी पाच-सहांहून अधिक विद्यार्थी पाठवू नयेत. गर्दी झाली म्हणजे मुले नुसती पाहतात, काम करीत नाहीत.

४. प्रत्येक विद्यार्थ्याने काय केले, काय चुकले व किती खर्च आला, हे वहीत लिहून ठेवावे.

५. नववीच्या अखेरीस पालकांची सभा घेऊन त्या वह्या त्यांच्यापुढे ठेवाव्यात आणि तालुक्यातील प्रशिक्षण संस्थेतील निदेशकास त्या सभेस बोलवावे. मुलींच्या पालकांनी यावे यासाठी विशेष प्रयत्न करावेत.

शेतकरी बंधूंकडून यासाठी मागणे फार मोठे नाही. वर्षातून दोन-तीन दिवस आपल्या शेतावर मुलांना येऊ द्यावे, त्यांच्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत, आणि त्यांच्या हातून एखादी कुंडी फुटली अथवा एखादे कलम वाया गेले तर रागावू नये. नववीत वाया गेलेले एक कलम ही किरकोळ गोष्ट आहे. न ओळखता निवडलेल्या मार्गावर तरुणाचे एक वर्ष वाया जाणे ही मात्र घराची व गावाची मोठी हानी आहे, आणि ती टाळणे गावाच्याच हाती आहे.