अँटवर्पची पेठ आणि आपली पेठ

पेठ ही गावाची तिजोरी, असे आपण म्हणतो. तिजोरी बदलावयाची वेळ आली म्हणजे आतील ठेव प्रथम सांभाळावी लागते. बेळगावातील काही अडत्या बंधूंनी रविवार पेठेतील आपली जुनी दुकाने पाडून तेथे बहुमजली संकुल उभारण्याचा विचार आमच्या वास्तुशिल्प कार्यालयापुढे मांडला. आराखडा हाती घेण्यापूर्वी आम्ही सहाजण २०२४ साली बेल्जियममधील अँटवर्प येथे आठ दिवस राहून आलो. हिऱ्यांच्या व्यापारामुळे हे शहर आपल्या समाजाला परके नाही. व्यापारावर वाढलेले शहर आपल्या जुन्या इमारतींचे काय करते, हे आम्हांला पाहावयाचे होते.

पहिला मान तेथील ‘बोर्स’ या व्यापारगृहाचा. ते १५३१ साली उघडले. लंडनच्या रॉयल एक्स्चेंजने त्याचाच कित्ता गिरविला. १८५८ च्या आगीत ते भस्मसात झाले व १८७२ मध्ये लोखंड आणि काच यांचे छत लेवून पुनश्च उभे राहिले. पुढे तेथील शेअरांचे व्यवहार थांबले, वास्तू ओस पडली. तरी कोणी तिजवर कुदळ चालविली नाही. २०१९ साली तिची दारे पुन्हा उघडली. चारही बाजूंच्या गल्ल्या थेट त्या सभागृहात येऊन मिळतात.

बंदरानजीकची सेंट फेलिक्स ही वखार आम्हांस अधिक बोधप्रद वाटली. १८६१ च्या आगीनंतर ती बांधताना मधोमध एक गल्ली मोकळी सोडण्यात आली. हेतू हा, की एका बाजूची आग दुसरीकडे पोहोचू नये. एके काळी कॉफी साठविणाऱ्या या वखारीत २००६ पासून नगराचे दप्तरखाने आहे. १९०५ च्या भव्य रेल्वेस्थानकाचीही तीच कथा. गाड्या तेथेच येऊन संपत. जुना घुमट तसाच राखून खालून बोगदा काढला, आणि २००७ पासून त्या आरपार जाऊ लागल्या.

विल्रैक या उपनगरातील संगमरवरी जिनालयाचे दर्शन घेताना आम्हांस बेळगावच्या किल्ल्यातील १२०४ सालची कमलबस्ती आठवली. आठशे वर्षे टिकलेली वास्तू ज्यांच्या गावी आहे, त्यांनी शंभर वर्षांच्या दुकानाला निरुपयोगी ठरविण्याची घाई का करावी?

अडचणी आम्ही जाणतो. मालमोटारी बोळात शिरत नाहीत, लाकडी माळ्यांवर पोती आणि त्यांवरून विजेच्या तारा गेलेल्या असतात. या गोष्टी बदलल्याच पाहिजेत. परंतु संकुल झाले की वरच्या मजल्याचे भाडे लहान दुकानदारास झेपत नाही, हमालाचा ओटा नाहीसा होतो, आणि उधारीवर माल देणारी जुनी ओळख विरून जाते.

म्हणून आमची सूचना अशी: रस्त्याकडील दर्शनी भाग व ओटे दुरुस्त करून राखावेत; मागील पडक्या कोठारांच्या जागी नवी गोदामे बांधावीत; दोन ओळींमध्ये आगीसाठी गल्ली सोडावी; मालमोटारींसाठी मागून वाट काढावी. खर्च थोडा नाही. परंतु तो टप्प्याटप्प्याने करता येतो, आणि काम चालू असता दुकाने बंद ठेवावी लागत नाहीत. पाडलेली पेठ मात्र कोणत्याही किमतीस परत मिळत नाही. संघाच्या सभेत निर्णय घेताना व्यापारी बंधूंनी हा हिशेबही वहीत मांडावा, एवढीच विनंती.