सैल पट्टा आणि रक्ताचा अहवाल

दंडातून रक्त घेतले की नातेवाइकांचे डोळे अहवालाकडे लागतात. मोठ्या प्रयोगशाळांत मात्र त्या नळीला पुढे माणसाचा हात क्वचितच लागतो. बारकोड वाचला जातो आणि नळी सरकत्या मार्गावरून सेंट्रिफ्यूजकडे, तेथून तपासणी यंत्राकडे जाते. जपानमधील कोची वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. मासाहिदे सासाकी यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस अशी स्वयंचलित प्रयोगशाळा उभारली. आजही अनेक यंत्रांत हा प्रवास रबरी किंवा पॉलियुरेथेनच्या पट्ट्यांवर चालतो.

पट्टा अडला तर वेळ जातो आणि रक्त वेळेला थांबत नाही. नळीतल्या पेशी साखर वापरतच राहतात. साध्या नळीत रक्तद्रव वेगळा न करता रक्त खोलीच्या तापमानाला राहिले, तर साखर दर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटते. उशीर फार झाला की पेशींतील पोटॅशियम बाहेर झिरपते आणि आकडा खोटाच वाढलेला दिसतो. मूत्रपिंडाच्या रुग्णावर तातडीचे उपचार करायचे की नाही, हे याच आकड्यावर ठरत असते.

पट्टा सैल असला तर दातेरी चाकावरून दात उड्या मारतात आणि नळी चुकीच्या जागी थांबते. फार ताणला तर बेअरिंग झिजतात आणि पट्टाही लवकर तुटतो. म्हणून ताण मोजावा लागतो. जुनी रीत अशी: दोन चाकांमधील पट्ट्यावर मधोमध ठरलेला जोर द्यायचा, अंतर ६४ सेंटिमीटर असेल तर तो सुमारे १ सेंटिमीटर दबावा. नवी रीत तंबोऱ्याच्या तारेसारखी आहे. पट्ट्याला टिचकी मारून त्याची कंपने उपकरणाने मोजतात. त्याच पट्ट्याची कंपने दुप्पट झाली, तर ताण चौपट झालेला असतो.

बाकीची निगा साधी आहे. यंत्र बंद करून, हातमोजे घालून सांडलेले रक्त पुसायचे. भेगा आणि झिजलेले दात पाहायचे. दातेरी पट्ट्याला तेल लावायचे नाही. पट्टा तुटण्याची वाट न पाहता उत्पादकाने दिलेल्या मुदतीत बदलायचा. मार्ग बंद पडलाच, तर तातडीचे नमुने हाताने नेण्याची व्यवस्था आधीच ठरलेली हवी.

अहवालातला आकडा आणि रुग्णाची प्रकृती जुळत नसेल, तर डॉक्टर पुन्हा रक्त मागतात. तेव्हा नाराज होऊ नये. चुकीच्या आकड्यावर उपचार करण्यापेक्षा सुईची आणखी एक टोचणी बरी.