घड्याळ कोणाच्या हाती?

संघटनेच्या सभेत तरुण कामगार आम्हांला विचारतात, “रविवारची सुटी सरकारने दिली ना?” उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते.

गिरणीपूर्वीही कष्ट अतोनात होते. कोष्ट्याचा माग घरातच असे. बायका कांड्या भरीत, मुले ताण्याला खळ लावायला हात देत, आणि सावकार कापडाचा भाव पाडी. त्या जीवनाचे गोडवे आम्ही गात नाही. पण माग केव्हा थांबवायचा, हे कोष्टी ठरवी. ऊन, पाऊस, बाजार आणि जत्रा हेच त्याचे घड्याळ.

१८५४ साली कावसजी दावरांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली, आणि हे घड्याळ मालकाच्या हाती जाऊ लागले. कोकणातून, घाटावरून आलेला माणूस भोंग्यावर उठू लागला. आरंभी गिरणी उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले. उन्हाळ्यात दिवस लांबला की कामही लांबे. पुढे विजेचे दिवे आले, तेव्हा सूर्याचाही मुलाहिजा उरला नाही.

१८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवून रविवारची सुटी आणि दुपारी अर्धा तास विसावा मागितला. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवार मान्य केला. म्हणजे मागणीपासून सुटीपर्यंत सहा वर्षे गेली. १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतील पुरुषांचा दिवस १२ तासांवर आणला, १९४८ च्या कायद्याने ९ तासांवर.

मुंबईचे बहुतेक भोंगे आता गप्प झाले. कंत्राटावर बारा तास राबणारे मात्र आहेतच. मिळालेला तास राखायचा, तर तो कसा मिळाला हे ठाऊक असले पाहिजे.