मागितले नाही, तरी ऐकले

बोरिवलीच्या गोराई रस्त्यावरून रोज जाणाऱ्या कित्येकांना ठाऊक नसते, की विविध भारतीचे केंद्र तिथेच आहे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेली ही सेवा आता खिशातल्या मोबाइलवर येऊन बसली आहे. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वेव्हज' नावाचे ॲप काढले. त्यात आकाशवाणी आहे, दूरदर्शन आहे, जुना ठेवाही आहे. वाटेल तेव्हा वाटेल ते ऐका! मुलुंडची लोकल दादरला पोचेपर्यंत एखादी मुलाखत सहज ऐकून होते.

सोय खरीच, तिला नावे ठेवण्याचा करंटेपणा कोण करील? पण जुन्या खोक्याची गंमत निराळी होती. मुंबई केंद्रावर 'वनिता मंडळ' लागे, कामगारांचा कार्यक्रम लागे, मुलांची 'गंमत जंमत' लागे. 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भाऊजी तर घरचेच! आणि घरात रेडिओ एकच. त्यामुळे गृहिणीच्या कानावर गिरणीतली गाऱ्हाणी पडत आणि आजोबा निमूटपणे बालगीते ऐकत. पुणे केंद्राने १९५५ साली गीतरामायण सुरू केले. एकंदर छप्पन्न गीते. पुढच्या गीतासाठी सारे घर आठवडाभर थांबे.

आमच्या वर्गात कुणी गुन्हेकथा ऐकतो, कुणी शेअरबाजार. शेजारच्या बाकावर काय चालले आहे, याचा मात्र पत्ता नाही. यंदा फराळाच्या वेळी इअरफोन बाजूला ठेवून एकच मोबाइल मोठ्याने लावावा म्हणतो. काय लावायचे, ते घरातल्या धाकट्याने ठरवावे, आणि आजोबांनी ऐकावे!