थेंबही न सांडणारी गळती

कसारा घाटाच्या चढावर एक जुना ट्रक बंद पडलाय. क्लीनरदादा इंजिनाच्या कुशीत हात घालून एक बटण भराभर वरखाली करतोय. खट्-खट्, खट्-खट्! पूर्वी रॉकेलच्या स्टोव्हला पंप मारायचे ना (आजीला विचारा!), अगदी तसं.

"उस्ताद, डिझेल कुठंय? नुसता फेस येतोय!"

"मग हवा धरलीय गाडीनं. काढ ती आधी."

हवा धरलीय? म्हणजे ट्रकच्या पोटात वात झाला की काय? हसू नका, जवळजवळ तसंच झालंय!

आधी त्याच्या पोटात डोकावू. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो. डिझेल इंजिनात तो नसतोच. तिथे हवा इतकी दाबतात, की ती सोळा-सतराव्या हिश्श्यात मावते आणि ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते. अशा हवेत डिझेलचा फवारा उडाला, की तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल या इंजिनिअरचं असं इंजिन १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबुर्गमध्ये यशस्वीपणे चाललं. त्यांचंच आडनाव आपण पंपावर जाऊन मागतो!

पण दाबलेली हवा काही गप्प बसत नाही, ती उलट ढकलते. म्हणून डिझेल त्याहून जोरात आत घुसवावं लागतं. आपल्या अवतीभवतीच्या हवेचा दाब १ धरला, तर अशा जुन्या ट्रकचं फवारा उडवणारं तोंड, म्हणजे नोझल, साधारण २०० दाबाला उघडतं. नव्या ट्रकमध्ये तर हा आकडा दीड-दोन हजारांपर्यंत जातो. हे पहिलवानी काम मोठ्या पंपाचं.

आता लग्नाची पंगत आठवा. पुऱ्या तळणाऱ्या आचाऱ्याचं सगळे कौतुक करतात. पण लाटलेल्या पुऱ्या त्याच्यापर्यंत पोचल्याच नाहीत तर? कढई तापलेली, झारा हातात, आणि तळायला काहीच नाही! टाकीपासून मोठ्या पंपापर्यंत डिझेल पोचवणारी मंडळी म्हणजे या पुऱ्या लाटणाऱ्या मावश्या. इथे दाब अगदी थोडा, कारच्या टायरमध्ये असतो साधारण तेवढाच. पण कामं बघा किती!

टाकीतला पाइप तळाला टेकत नाही, थोडा वरच थांबतो, म्हणजे खालचा गाळ ओढला जात नाही. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे ते वाटेतल्या एका वाटीत खाली बसतं. छोटा फीड पंप डिझेल ओढून पुढे ढकलतो. फिल्टर तर असा चिकट तपासनीस, की तुमच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी धूळही तो अडवतो! नोझलची भोकं इतकी बारीक असतात, की एवढी काळजी घ्यावीच लागते. आणि वापरून उरलेलं डिझेल दुसऱ्या पाइपनं पुन्हा टाकीत.

मग या रांगेत हवा शिरली तर काय बिघडलं? रंगपंचमीची पिचकारी घ्या. पाण्यानं पूर्ण भरा, तोंडावर बोट घट्ट धरा आणि दांडा दाबा. हलतो का? जवळजवळ नाहीच! आता पिचकारीत नुसती हवा ठेवून तसंच करा. दांडा आत जातो आणि सोडला की परत येतो, जणू आत स्प्रिंग आहे. मोठ्या पंपाचंही हेच होतं. तो जीव तोडून दाबतो, पण सगळा जोर बुडबुडे चेपण्यातच जातो. नोझल काही उघडत नाही.

पण उस्तादांना वेगळंच कोडं पडलंय. टाकी अर्धी भरलेली आहे. खाली रस्ता कोरडा ठणठणीत, डिझेलचा एक थेंब नाही. गळतीच नाही, तर हवा शिरली कुठून?

सरबताच्या ग्लासातली स्ट्रॉ घ्या. सरबताच्या पातळीच्या वर तिला टाचणीनं दोन-तीन भोकं पाडा आणि ओढा. सुर्रर्र! तोंडात सरबत कमी, हवाच जास्त. आणि भोकांतून सरबताचा एक थेंब तरी बाहेर पडला का? नाही! आपण ओढतो तेव्हा स्ट्रॉमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. मग भोक दिसलं, की बाहेरची हवाच आत घुसते. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाइप ही अशीच लांबलचक स्ट्रॉ. ती चिरली तर डिझेल सांडण्याऐवजी हवा पिते!

उस्ताद पाइपवरून बोट फिरवत टाकीच्या माथ्यापर्यंत गेले. क्लिपेजवळ रबर सुकून केसाएवढी चीर पडली होती. त्यांनी तेवढं टोक कापलं, उरलेला पाइप पुन्हा बसवला आणि क्लिप आवळली. मग फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा स्क्रू सैल केला. क्लीनरदादाचं खट्-खट् पुन्हा सुरू झालं. तो हातपंप होता तर! स्क्रूतून आधी पांढरा फेस आला, मग फुसफुसते बुडबुडे, आणि शेवटी डिझेलची अखंड, स्वच्छ धार.

"बस्स! आवळ आता."

किल्ली फिरली. इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा धडधडलं आणि ट्रक इगतपुरीकडे चढू लागला.

(आणि हो, प्रयोग पिचकारी-स्ट्रॉवरच करायचे हं! इंजिनाला हात लावायचा नाही. मोठ्या दाबाची डिझेलची धार कातडीतून आरपार आत शिरू शकते.)