मोटारीची चकाकी

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंश सेल्सियसपर्यंत चढतो आणि अंगणातल्या मोटारीवर धुळीचा थर बसतो. कोरडे फडके घेऊन तो पुसावा असे वाटते ना? पण थांबा! धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात. मोसच्या कठिनता-श्रेणीत क्वार्ट्‌झचा क्रमांक 7, म्हणजे काचेहूनही वरचा. फडक्याखाली हे कण रंगावर चरे पाडतात. आणि रंगाच्या सर्व थरांची जाडी साधारण 0.1 मिलिमीटरच असते! म्हणून आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी, मग मऊ कापडाने धुवावे. तेही सावलीत, उन्हात थेंब आटून पाण्यातील क्षारांचे पांढरे डाग उरतात.

पॉलिशमधील सूक्ष्म कण रंगाचा अगदी पातळ पापुद्रा झिजवून पृष्ठभाग गुळगुळीत करतात. मग प्रकाशाचे नियमित परावर्तन होते, हीच चकाकी! पण दर वेळी थोडा रंग जातो, म्हणून पॉलिश वारंवार करू नये.

मेण काही झिजवीत नाही, फक्त आवरण घालते. ब्राझीलमधील कार्नोबा ताडाच्या पानांवरचे मेण 80 अंशांपुढे वितळते. मेणावर पाणी पसरत नाही, अळवाच्या पानावर होतात तसे टपोरे थेंब होतात. थेंब पसरू लागले, की मेण संपत आले असे समजावे. करून पाहा!